खिंडीच्या तोंडावरचं शहर

युरोपच्या नकाशावर आल्प्स पर्वत पूर्वेकडे जिथे संपतो आणि बाल्कन प्रदेशातल्या दिनारिक डोंगररांगा जिथे सुरू होतात, त्या सांध्यावर डोंगर एकदम खाली वाकतात. स्लोव्हेनियातल्या पोस्टोयना गावाजवळची ही खिंड समुद्रसपाटीपासून जेमतेम सहाशे मीटर उंच आहे. डॅन्यूबचं खोरं आणि इटलीचं मैदान यांच्यामध्ये इतकी सोपी वाट दुसरी नाही. बाल्टिक किनाऱ्यावरचा अंबर याच बाजूनं भूमध्य समुद्राकडे यायचा. रोमन फौजा इथून पूर्वेला गेल्या आणि रोम खिळखिळं झाल्यावर गॉथ, हूण, लोम्बार्ड इथूनच खाली उतरले. १८५७ साली व्हिएन्नाहून निघालेला लोहमार्ग याच भागातून समुद्राला भिडला. आणि दर हिवाळ्यात मध्य युरोपात साठलेली गार हवाही इथूनच बाहेर पडते. त्या वाऱ्याला बोरा म्हणतात.

या खिंडीच्या खाली, एड्रियाटिक समुद्राच्या अगदी वरच्या टोकाला त्रिएस्ते हे इटालियन शहर आहे. नाणेघाट चढताना कल्याण-सोपाऱ्याची आठवण ज्यांना होते, त्यांना हे शहर समजायला वेळ लागणार नाही. बंदराचं नाव होतं ते समुद्रामुळे, पण त्याचं पोट भरतं ते मागच्या घाटामुळे. फरक इतकाच, की त्रिएस्तेच्या घाटातून मालाबरोबर वाराही येतो. गेल्या शंभर वर्षांत माल आटला, सरहद्दी हलल्या, झेंडे बदलले. वारा मात्र ठरल्यासारखा येत राहिला. त्यामुळे त्रिएस्ते बघायचं तर बोरा सुटलेला दिवस गाठावा. शहर कशातून घडलं, ते त्या दिवशी अंगावर येतं.

दोर, कुंड्या आणि स्कूटर

फेब्रुवारीतली ती सकाळ लख्ख उन्हाची होती. आकाशात ढगाचा ठिपका नाही आणि खिडकीची तावदानं मात्र थडथडत होती. हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईंनी माझ्या हातातली छत्री पाहिली आणि ती त्यांच्याकडेच ठेवून घेतली. ऊन पडलेलं असताना वाहणारा तो 'उजळ' बोरा आणि ढग, पाऊस किंवा बर्फ घेऊन येणारा तो 'काळा' बोरा, अशी इथली विभागणी. आजचा उजळ होता. त्यांच्या मते ही चांगली बातमी होती.

रस्त्यावर पाऊल टाकल्यावर आधी काहीच घडत नाही. इमारतींच्या आडोशाला हवा शांत असते, ऊनही बरं वाटतं. मग एक कोपरा येतो आणि कुणीतरी दोन्ही हातांनी छातीवर ढकलावं तसं होतं. पाय पुढे टाकावा तर तो मागेच पडतो. डोळ्यांत पाणी येतं, श्वास घ्यायला तोंड बाजूला वळवावं लागतं. आपण सगळा जोर लावून वाकून उभे राहिलो, की वारा अचानक थांबतो आणि आपण तोंडघशी पडता पडता वाचतो. बोऱ्याची खरी खोड ही आहे. तो सलग वाहत नाही, झोतांनी येतो. स्थानिक लोक वाऱ्याचा सरासरी वेग फारसा विचारत नाहीत. सगळ्यात मोठा झोत किती होता, ते विचारतात. ताशी शंभर किलोमीटरच्या पुढचे झोत हिवाळ्यात नवलाचे नाहीत. फेब्रुवारी २०१२ मध्ये बोरा दिवसेंदिवस थांबला नव्हता. झोत दीडशेच्या घरात गेले आणि लाटांचे तुषार धक्क्यावर उडून तिथेच गोठले. दगड, साखळ्या, दिव्यांचे खांब सगळं जाड बर्फात बंद झालं.

हे होतं ते असं. हिवाळ्यात मध्य आणि पूर्व युरोपवर गार, जड हवेचा मोठा साठा तयार होतो. समुद्राच्या बाजूला हवेचा दाब कमी असला, की ही हवा खिंडीच्या सखल भागातून पुढे सरकते आणि कार्स्ट नावाच्या चुनखडीच्या पठारावर येते. पठाराची कडा शहराच्या डोक्यावर तीन-चारशे मीटर उंच आहे. तिथून ही हवा स्वतःच्या वजनानं खाली कोसळते. उतारावर तिचा वेग वाढतो, तिच्यात भोवरे पडतात, आणि शहरात पोचेपर्यंत तिचे तुकडे तुकडे झालेले असतात. तेच हे झोत. बंदराला एरवी वादळ समुद्राकडून येतं. इथे ते डोंगराकडून येऊन समुद्राकडे जातं. म्हणून किनाऱ्यालगत मोठ्या लाटा दिसत नाहीत. पाण्याचा वरचा थर खरवडला जाऊन धुरासारखा पळताना दिसतो. लाटा मोठ्या होतात त्या पुढे, पलीकडच्या किनाऱ्याकडे.

शहरानं वाऱ्याशी कसं जमवून घेतलंय, ते बारीकसारीक गोष्टींत दिसतं. गॅलरीतल्या कुंड्या आदल्या रात्रीच आत गेलेल्या असतात. लोखंडी वा लाकडी झडपा कड्या घालून बंद. स्कूटर ओळीनं उभ्या असतात, त्यांतली पहिली पडली की बाकीच्या तिच्या मागोमाग आडव्या होतात, आणि वारा ओसरेपर्यंत त्या उचलायच्या फंदात कुणी पडत नाही. पूर्वी नगरपालिका अवघड कोपऱ्यांवर आणि चढांवर दोर आणि साखळ्या बांधायची. त्यांना धरून एका हातानं टोपी सांभाळत चालणाऱ्या माणसांचे जुने फोटो आजही पोस्टकार्डांवर विकले जातात. स्टेन्डाल हा फ्रेंच कादंबरीकार १८३० साली इथे फ्रान्सचा वाणिज्यदूत म्हणून आला होता. ऑस्ट्रियन सरकारनं त्याला मान्यता दिली नाही, म्हणून काही महिन्यांतच त्याला जावं लागलं. तेवढ्यात लिहिलेल्या पत्रांतूनही त्यानं या वाऱ्याच्या नावानं खडे फोडले आहेत.

वाऱ्याचं कौतुक करणारेही आहेत. शहरात बोऱ्याचं एक छोटंसं संग्रहालय आहे. जगभरातून लोकांनी बाटल्यांत भरून पाठवलेले वारे तिथे फळ्यांवर मांडून ठेवले आहेत. प्रत्येक बाटलीवर वाऱ्याचं नाव आणि ठिकाण. रिकाम्या बाटल्या इतक्या गंभीरपणे सांभाळणारं शहर थट्टेखोर असणार, हे उघड आहे.

एका राजपत्रानं उभं केलेलं शहर

शहरातल्या मुख्य चौकात पोचलो तेव्हा वारा पाठीशी होता, त्यामुळे चालावं लागलंच नाही. या चौकाच्या तीन बाजूंना राजवाड्यांसारख्या इमारती आहेत आणि चौथी बाजू सरळ समुद्राला उघडी आहे. मधल्या कारंज्यावर चार खंडांच्या मूर्ती आहेत. अठराव्या शतकाच्या मध्यावर ते उभारलं गेलं, तेव्हा शहराला या चारही खंडांशी व्यापार करायचा होता.

त्याआधी त्रिएस्ते म्हणजे काही हजार वस्तीचं गाव होतं, १३८२ पासून ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याच्या छत्राखाली. १७१९ साली सम्राट सहाव्या चार्ल्सनं त्याला मुक्त बंदर जाहीर केलं. साम्राज्य अवाढव्य, पण समुद्र मिळे तो मुख्यतः याच कोपऱ्यात. त्याची मुलगी मारिया तेरेसा हिच्या काळात मिठागरं बुजवून त्यांवर काटकोनी रस्त्यांची नवी पेठ वसली. ग्रीक आले, सर्ब आले, ज्यू आले, आर्मेनियन आले, जर्मन भाषक व्यापारी आले. आजूबाजूच्या खेड्यांतले स्लोव्हेन तर आधीपासूनच होते. प्रत्येकानं आपापलं प्रार्थनास्थळ बांधलं. ती सगळी आजही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि प्राग यांच्यानंतर त्रिएस्ते हे साम्राज्यातलं चौथ्या क्रमांकाचं शहर होतं, लोकसंख्या दोन लाखांच्या वर.

समुद्रावरच्या धोक्यातून इथे विमाधंदा जन्माला आला. जनराली ही विमा कंपनी १८३१ ची. तिच्या प्रागच्या कचेरीत १९०७-०८ मध्ये काही महिने फ्रान्झ काफ्का नावाचा तरुण कारकुनी करत होता. बंदराचा हात घाटापलीकडे किती लांब पोचला होता, हे समजायला हे एक उदाहरण पुरे. १८३३ मध्ये ऑस्ट्रियन लॉइड ही संस्था निघाली आणि तीन वर्षांनी तिनं आगबोटी चालवायला घेतल्या. सुएझ कालव्यात इथल्या व्यापाऱ्यांनी पैसा आणि डोकं दोन्ही घातलं होतं. पास्क्वाले रेव्होल्तेल्ला हा इथला सावकार कालवा कंपनीचा उपाध्यक्ष होता. १८६९ मध्ये कालवा खुला झाल्यावर लॉइडच्या बोटी मुंबईला जाऊ लागल्या. मुंबईहून कापूस यायचा, तो इथून रेल्वेनं बोहेमिया आणि ऑस्ट्रियातल्या गिरण्यांकडे चढायचा.

चौकाच्या एका बाजूला लॉइडची इमारत आहे, १८८३ मध्ये पूर्ण झालेली. पहिल्या महायुद्धानंतर तीच कंपनी 'लॉइड त्रिएस्तिनो' झाली. डिसेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषद आटोपून महात्मा गांधी ब्रिंडिसीहून ज्या बोटीनं निघाले आणि २८ तारखेला मुंबईला उतरले, ती 'पिल्स्ना' याच कंपनीची. बोटीला नाव होतं बोहेमियातल्या पिल्झेन शहराचं. समुद्राशी काही संबंध नसलेल्या, डोंगरापलीकडच्या शहराचं. गांधीजी त्या बोटीत चढले तोवर पिल्झेन चेकोस्लोव्हाकियात होतं, त्रिएस्ते इटलीत होतं आणि दोघांना जोडणारं साम्राज्य उरलं नव्हतं.

मागची बाजू तुटल्यावर

चौकापासून पाच मिनिटांवर एक दगडी धक्का समुद्रात घुसतो, जवळजवळ अडीचशे मीटर लांब. १७४० मध्ये इथे 'सान कार्लो' नावाचं जहाज बुडालं. त्याचा सांगाडा उपसून काढण्याऐवजी त्याच्यावरच धक्का बांधला. ३ नोव्हेंबर १९१८ रोजी 'औदाचे' ही इटालियन युद्धनौका इथे लागली आणि धक्क्याला तिचं नाव मिळालं. टोकाला काशाची दिशादर्शक चकती आहे, तिच्यावर वाऱ्यांची नावं कोरलेली. त्या दिवशी तिथपर्यंत जाणारे आम्ही चौघे-पाचजण होतो, तेही वाकून. एका वयस्कर गृहस्थांनी रुमालानं कानशिलं बांधली होती. झोत आला की ते थांबायचे, गेला की चार पावलं टाकायचे. त्यांच्या मागोमाग चाललो तेव्हा मला चालायचं गणित जमलं.

या धक्क्यावरचं उभं राहणं म्हणजे इतिहासाच्या एका विनोदावर उभं राहणं आहे. १९१८ मध्ये शहरातल्या बहुसंख्य इटालियनांना हवं ते मिळालं. त्रिएस्ते इटलीत आलं. आणि त्याच क्षणी बंदराची पाठ तुटली. साम्राज्याचं हे मुख्य बंदर होतं. इटलीला जेनोआ होतं, नेपल्स होतं, व्हेनिस होतं. ज्या घाटानं माल यायचा त्याच्यावर आता दुसऱ्यांच्या चौक्या होत्या.

मग वाईट वर्षं सुरू झाली. जुलै १९२० मध्ये फासिस्टांनी स्लोव्हेन समाजाचं केंद्र असलेलं 'नारोदनी दोम' जाळलं. सप्टेंबर १९३८ मध्ये याच समुद्राकडे उघडणाऱ्या चौकातून मुसोलिनीनं ज्यूंविरुद्धचे वांशिक कायदे जाहीर केले. १९४३ मध्ये जर्मन आले. शहराच्या दक्षिणेला भात सडायची एक जुनी गिरणी होती. तिची छळछावणी झाली, तिथे दहनभट्टी बांधली गेली आणि हजारो माणसं मारली गेली. मे १९४५ मध्ये युगोस्लाव्हियाच्या टिटोचं सैन्य आलं, चाळीस दिवस राहिलं. त्या काळात माणसं गायब झाली, कित्येकांचे देह कार्स्टच्या खोल विवरांत टाकले गेले. पुढे ब्रिटिश-अमेरिकन लष्करी राजवट आली, १९४७ मध्ये 'त्रिएस्तेचा स्वतंत्र प्रदेश' कागदावर अस्तित्वात आला, आणि ऑक्टोबर १९५४ मध्ये शहर पुन्हा इटलीकडे आलं. शंभरी गाठलेल्या माणसानं घर न बदलता इतके अंमल पाहिले.

प्रत्येक अंमलाबरोबर काही माणसं गेली, काही आली. लेखक जेम्स जॉइस मात्र त्याच्या आधीच्या, सुखाच्या काळात आला. १९०४ मध्ये इंग्रजी शिकवायला आलेला हा आयरिश तरुण १९१५ पर्यंत बहुतेक काळ इथेच राहिला. त्याच्या शिकवणीला एत्तोरे श्मित्स नावाचा उद्योजक यायचा. त्याच्या सासरची कंपनी जहाजांच्या तळाला लावायचा रंग बनवायची. हा गृहस्थ इतालो स्वेव्हो या नावानं कादंबऱ्या लिहायचा आणि त्यांना कुणी विचारत नव्हतं. जॉइसनं त्या वाचल्या, उचलून धरल्या. पुढे १९२३ मध्ये आलेल्या स्वेव्होच्या कादंबरीनं त्याचं नाव झालं. शहरापासून थोड्या अंतरावर दुइनोच्या कड्यावर जानेवारी १९१२ मध्ये कवी रिल्के वाऱ्यात फिरत होता. तिथेच त्याच्या शोककाव्यांच्या मालिकेची पहिली ओळ त्याला सुचली, असं सांगतात. त्या दिवशीही बोरा होता.

ताटातला घाट

दुपारी वाऱ्यानं खाल्ल्यावर माणूस खायला धावतो. इथल्या 'बुफे' नावाच्या खानावळी त्यासाठीच असाव्यात. काउंटरवर वाफाळणारं मोठं पातेलं, त्यात उकळत असलेलं डुकराचं मांस आणि सॉसेज. बरोबर आंबवलेली कोबी आणि किसलेलं तिखट मूळ, जे नाकात शिरून डोळ्यांतून बाहेर पडतं. मांस न खाणाऱ्यांसाठी गरम सूप असतं, 'योटा' नावाचं. राजमासारख्या घेवड्याच्या दाण्यांचं, बटाट्याचं आणि आंबट कोबीचं. त्यातही कधी मांसाचा तुकडा असतो, तेव्हा विचारून घ्यावं. समुद्र दोनशे पावलांवर असताना ताटात मासा नाही. गुलाश हंगेरीचा, स्ट्रूडल व्हिएन्नाचा, सॉसेज बोहेमियाचं. इथल्या स्वयंपाकावरही घाटाचीच सत्ता चालते.

उलट दिशेनं घाट चढून गेली ती कॉफी. भूमध्य समुद्रातल्या मोठ्या कॉफी-बंदरांपैकी हे एक. इली ही प्रसिद्ध कंपनी १९३३ मध्ये इथेच निघाली, हंगेरीहून आलेल्या एका माणसानं काढलेली. कॉफी मागायची इथली रीत बाकी इटलीहून वेगळी आहे. साधी एस्प्रेसो म्हणजे 'नेरो', थोडं दूध घातलेली 'कापो', आणि तीच छोट्या काचेच्या पेल्यात हवी असेल तर 'कापो इन बी'. १९१४ मध्ये उघडलेल्या सान मार्को या कॅफेत बसलो तेव्हा बाहेर वारा दार ढकलत होता आणि आत येणारा प्रत्येकजण दार लावण्यासाठी पाठीनं रेटा देत होता.

पठारावर

शहर आणि वरचं ओपिचिना यांना जोडणारा ट्रॅमचा जुना मार्ग १९०२ मध्ये सुरू झाला. मी मात्र बसनं वर गेलो. पठारावरच्या खेड्यांत बोऱ्याचं वास्तुशास्त्र दिसतं. घराची पाठ ईशान्येला, त्या भिंतीला खिडकी नाही किंवा हाताएवढी. अंगण उंच दगडी भिंतीनं वेढलेलं, आत शिरायला कमानीचं दार. जुन्या छपरांवर कौलांऐवजी दगडी फरश्या, उडू नयेत म्हणून. रेल्वे आली तेव्हा रुळांच्या कडेनंही वारा अडवायला दगडी भिंती बांधाव्या लागल्या. पठार तेव्हा उघडंबोडकं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे काळ्या पाइनची लागवड झाली आणि आजचं रान उभं राहिलं.

वारा इथे शत्रूच आहे असंही नाही. डुकराच्या मांड्या मीठ लावून टांगतात, त्या वाळवायचं काम बोराच करतो. या वाऱ्यानं एकदा लढाईही फिरवली, असं जुने इतिहासकार लिहितात. सन ३९४ मध्ये पलीकडच्या विपावा खोऱ्यात सम्राट थिओडोसियस आणि त्याचा प्रतिस्पर्धी युजेनियस समोरासमोर आले. बोरा सुटला, युजेनियसच्या सैन्याच्या तोंडावर धूळ आली, त्यांचेच बाण त्यांच्याकडे वळले. जुन्या देवांना मानणाऱ्या पक्षाची ती अखेरची मोठी लढाई ठरली.

पठारावरून खाली पाहिलं की समुद्रात पुढे आलेला मिरामारेचा पांढरा किल्ला दिसतो. सम्राट फ्रान्झ जोसेफचा धाकटा भाऊ माक्सिमिलियान यानं तो बांधून घेतला. १८६४ मध्ये तो इथूनच मेक्सिकोचा सम्राट व्हायला निघाला आणि तीन वर्षांत तिथे गोळ्या घालून मारला गेला. किल्ल्याजवळच पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये सैद्धान्तिक भौतिकीचं आंतरराष्ट्रीय केंद्र उभं केलं. गरीब देशांतल्या संशोधकांनी इथे यावं, काम करावं आणि पुन्हा आपल्या देशी परतावं, अशी कल्पना. भारतातल्या कित्येक भौतिकशास्त्रज्ञांनी बोऱ्याची पहिली धडक या केंद्राच्या रस्त्यावर खाल्ली असणार. मागचा मुलूख हरवलेल्या शहराला असा एक नवा, फार मोठा मुलूख मिळाला.

स्टेशनसमोर

२००७ च्या डिसेंबरात स्लोव्हेनिया शेंगेन क्षेत्रात आला. पठारावरच्या चौक्यांचे अडसर उठले. बंदराची रेल्वे पुन्हा ऑस्ट्रिया, हंगेरी, जर्मनीकडे माल नेते आहे. तेलवाहिनी तर १९६७ पासूनच डोंगर ओलांडून बव्हेरियात जाते. शंभर वर्षांपूर्वी तुटलेली पाठ सांधली गेली, असं म्हणता आलं असतं. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये इटलीनं या सरहद्दीवर पुन्हा तपासणी सुरू केली आणि तिला मुदतवाढ मिळत गेली.

कारण खिंडीतून माणसं उतरत आहेत. अफगाणिस्तान, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळहून निघालेली, बाल्कन देशांतली रानं पायी तुडवत आलेली, बहुतेक तरुण पोरं. रेल्वे स्टेशनसमोरच्या चौकात ती संध्याकाळी जमतात. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिचा पुतळा तिथे आहे. शेजारी 'सिलोस' नावाची साम्राज्याच्या काळातली धान्याची प्रचंड कोठारं. दुसऱ्या महायुद्धानंतर शेजारच्या इस्त्रिया द्वीपकल्पातून घरदार सोडून आलेले हजारो इटालियन याच कोठारांत फळ्यांचे आडोसे करून राहिले. त्यांनी मागे ठेवलेल्या खुर्च्या, कपाटं, शिवणयंत्रं बंदराच्या गोदामांत अजून जपून आहेत. अलीकडे त्याच कोठारांच्या पडक्या भागात, चिखलात तंबू ठोकून ही नवी पोरं राहत होती. जून २०२४ मध्ये प्रशासनानं त्यांना तिथून हलवलं आणि जागा बंद केली. येणारे थांबले नाहीत.

मी गेलो तेव्हा वारा उतरला नव्हता. काही स्वयंसेवक बाकांवर बसलेल्या मुलांच्या पायांच्या जखमा धुऊन पट्ट्या बांधत होते. औषधाचे डबे उडू नयेत म्हणून गुडघ्यांत धरलेले. या चौकात हे रोज संध्याकाळी चालतं. शहरात त्यावर दोन मतं आहेत, आणि दोन्ही मोठ्यानं बोलली जातात. एका बाजूला, आधीच म्हाताऱ्या होत चाललेल्या दोन लाखांच्या शहरानं किती ओझं उचलायचं हा प्रश्न. दुसऱ्या बाजूला, ज्या गावात ग्रीक, सर्ब, ज्यू, चेक सगळेच कुठून ना कुठून आले त्यानं आत्ताच दार का लावावं हा प्रश्न. मला वाटतं, या शहरानं वाऱ्याच्या बाबतीत हा वाद कधीच मिटवला आहे. घरादाराला भिंती घातल्या, पण शहरभर भिंत घालता येणार नाही हे ओळखलं. मग कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधले, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला धरायला काहीतरी राहील. माणसांसाठी तसे दोर बांधायचे की नाहीत, हे अजून ठरायचंय.

पट्टी बांधणाऱ्या एका आजींना मी धोरणाबद्दल विचारलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "ते रोमला विचारा." मग माझ्या पायांकडे पाहून म्हणाल्या, "तुमचे बूट किती नंबरचे? बेचाळीस असतील तर उद्या आणून द्या. बेचाळीस कायम कमी पडतात."